लडकूच्या खोलीतला हात

६ जानेवारी, मंगळवार

मिळाली वेळ! १८ आणि १९ फेब्रुवारी, आपल्या घड्याळानं दुपारची पाळी. मेल आला तेव्हा मी मुरबाडच्या एसटीत उभी होते, किन्हवलीच्या अलीकडे. शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार — माझी राख परदेशी चाललीय?

माझी म्हणजे तुसाची. गिरणीतला भाताचा तूस वीटभट्टीत जळतो, त्याची राख. ती किती तापली की फुप्फुसाला वाईट होते, ते मला शोधायचंय. त्यासाठी लागतात तेवढे तेज क्ष-किरण आमच्या मुरबाडच्या कॉलेजात कुठून येणार? ते तिकडे, उत्तरेच्या बर्फाच्या देशात, एका भल्या मोठ्या गोल इमारतीत. पूर्वी नमुना घेऊन माणसं जायची. आता नमुना एकटाच जातो, कुरिअरनं. तिथे यंत्राचा हात तो उचलतो, किरणांसमोर धरतो, काम झालं की परत ठेवतो. आणि मी शहापूरला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बघते. पासपोर्ट काढून ठेवलाय, त्याची पानं कोरी ती कोरीच.

तिथे प्रणित आहे. हे एक वाक्य लिहायला सगळी वरची बडबड केली.

९ जानेवारी, शुक्रवार

कॉलेज सुटल्यावर नळ्या भरल्या. काचेच्या, शेवयांसारख्या बारीक. राख घालायची, टिचकी मारायची, ती खाली बसली की पुन्हा घालायची. मग नळीचं तोंड बंद करून ती पितळेच्या छोट्या बैठकीत मेणानं उभी करायची. मेण बाहेर येता कामा नये. बैठकीला मेण लागलं की यंत्राच्या चिमट्याला ती नीट धरता येत नाही.

हे मला प्रणितनं शिकवलं. कल्याणला एमएस्सीला एका बाकावर होतो. तो उंबरमाळीचा, मी शहापूरची, येता-जाता एकच गाडी. नाजूक काहीही उचलताना त्याची करंगळी वर जाते. नळी असो, नाहीतर कॅन्टीनचा कप. मी चिडवायची, "नवाब, चहा घ्या." तो म्हणायचा, "आमची आय भाकरी पन अशीच उलटते, बघ येऊन."

गेले नाही बघायला. राहून गेलं.

तीन वर्षांपूर्वी तो तिकडे लागला, त्याच यंत्रावर रात्रपाळीला. तिकडची रात्रपाळी आपल्या दुपारपर्यंत चालते. गावानं उंबरमाळी स्टेशनबाहेर त्याचा बॅनर लावला होता, उधार आणलेल्या कोटातला फोटो. त्या यंत्राच्या हाताचं नाव त्यानं ठेवलं लडकू. त्याच्या मामाचं नाव. मामा एका जागी बसून सगळ्यांना हुकूम सोडतो म्हणे, आणि हा मात्र कधी बसत नाही, म्हणून.

आमच्यात काय होतं ते घरी कोणाला माहीत नाही. "पुढच्या सुट्टीत आलो की बोलू" असं ठरलं होतं. सप्टेंबरात शेवटचा फोन. "जरा कामाचं चाललंय. मी करतो तुला." केला नाही. मग तो नंबरच लागेना. मीही हट्टाला पेटले — मी का करू मेल? तो बोलला होता करतो म्हणून.

आणि मग नोव्हेंबरातली पाळी. लडकू एकेक नळी उचलत होता, पडद्यावर नेहमीचे निरोप येत होते — 'नमुना बसवला. प्रणित.' 'मोजणी चालू. प्रणित.' सगळं इंग्रजी, सगळं कोरडं. आणि दुपारी मध्येच, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत —

'जेवण झालं का? प्रणित.'

मी हसले आणि रडले. खरंच जेवले नव्हते. लिहिलं, "नाही. तुझं?" उत्तर आलं नाही. कामात असेल. पण विचारलं तर!

त्या चार शब्दांवर दोन महिने काढलेत मी.

११ जानेवारी, रविवार

मेण संपलं म्हणून कल्याणला गेले होते. परत येताना आसनगाव स्टेशनबाहेर ठकी भेटली. उंबरमाळीच्या पाड्यावरून येते, वालाच्या शेंगा, कधी अंडी. मी तिच्याकडूनच घेते. कारण शेंगा नाही, कारण तिचं गाव. हे तिला कशाला सांगू.

"आज अंडी?"

"ताराबायची हायेत. तिनं खुराडं बांधलंय मोठं, पानी आपसूक येतं कोंबड्यांला. आमच्या पोरांला हंडा उचलावा लागतो, आन कोंबड्यांला नळ!"

ताराबाई म्हणजे प्रणितची आई. लेकानं पैसे पाठवले असणार. आईला पाठवतो, बरंय. कोंबड्यांना पाणी पोचतं आणि मला एक ओळ नाही. डझनभर अंडी घेतली. घरी आई म्हणाली, "एवढी कोण खानार गो?"

१३ जानेवारी, मंगळवार

आज एक गोष्ट केली. पानालाच सांगते.

किरण चालू असताना त्या खोलीत माणूस जात नाही, दार बंद असतं. कॅमेऱ्यात फक्त लडकू दिसतो. पण लडकूच्या हातून काही पडलं की तो जागच्या जागी थांबतो, लाल दिवा लागतो, आणि मग माणसाला आत यावंच लागतं. हातानं उचलायला.

सगळ्या नळ्या नीट केल्या. एकीवरही मेणाचा ठिपका नाही. मग एक जादा नळी घेतली. तिच्यात आईच्या चुलीतली राख भरली, मागच्या पडवीत अंघोळीचं पाणी तापवतो तिथली. म्हणजे खऱ्या कामाचं काही नुकसान नको. आणि त्या नळीच्या बैठकीला बाहेरून जाड मेण लावलं. मुद्दाम. एका बाजूनं.

पहिल्या दिवसाच्या शेवटच्या जागी तिला बसवलंय.

हातमोजा असला तरी ओळखेन. करंगळी.

१६ जानेवारी, शुक्रवार

गेलं खोकं. कुरिअरवाला विचारत होता, आत काय आहे. म्हटलं, राख. त्यानं हात जोडले.

२७ जानेवारी, मंगळवार

खोकं पोचलं. माझ्याआधी.

१ फेब्रुवारी, रविवार

घरी स्थळ आलं. महेंद्र, बदलापूरचा, वीज खात्यात. पप्पा त्याच्या काकांना ओळखतात. फोटो बघितला. चेहरा चांगला आहे, उगाच खोट काढता येत नाही, हीच अडचण.

आई भांडी घासता घासता म्हणाली, "तुझं मनात काय असंल तर सांग. आमी काय वाघ नाय. पन नाय असंल तर या पोराला लटकवू नको."

म्हटलं, बावीसपर्यंत थांब.

"बावीसला काय हाये?"

"माझं काम आहे अठराला. ते झालं की सांगते."

"कामाचा नि लग्नाचा काय संबंध?"

आई, तुला काय सांगू. आत आलेला हात त्याचा असेल, तर मी माइक चालू करून सरळ विचारणार आहे — येणार आहेस का? हो की नाही, एवढंच. त्या बंद खोलीतून त्याला कुठे पळता येणार नाही. म्हणून तर एवढा खटाटोप.

८ फेब्रुवारी, रविवार

आज काही नाही. गच्चीवर कपडे वाळत घातले. समोरच्या माहुली गडाकडे बघत बसले. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही सगळे वर चढलो होतो, उतरताना माझा पाय मुरगळला. तो खालपर्यंत माझी सॅक घेऊन पुढे चालला, आणि मागे वळून एकदाही विचारलं नाही दुखतंय का म्हणून. पण एवढा हळू चालत होता की बाकीचे सगळे पुढे निघून गेले.

त्याची आठवण येते. साधी, सरळ, दिवसभर. लिहून कमी होईल वाटलं होतं. होत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या. कॉलेजात रजा टाकली. केस धुतले. त्याला मी दिसणार नाहीये, कॅमेरा फक्त त्यांच्या बाजूचा आहे. तरी धुतले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

सुरुवात छान झाली. लडकू मान वाकवून एकेक नळी उचलत होता. पडद्यावर कमी तापवलेल्या राखेची रेघ आली, नुसती एक बुटकी टेकडी. म्हणजे राख निरुपद्रवी. निरोप येत होते. 'नमुना बसवला. प्रणित.' आई येऊन जाऊन डोकावत होती. "हा हात कोनाचा? माणूस कुठाय?" म्हटलं, माणूस बाहेर असतो.

मग आला. 'जेवण झालं का? प्रणित.'

मी लिहिलं, "नाही झालं. तू येऊन वाढ." लिहून लाजले. उत्तर नाही.

शेवटची नळी. लडकूनं चिमटा लावला, उचलली, अर्ध्यावर ती तिरकी झाली आणि पडली. आईच्या चुलीतली राख त्या चकचकीत टेबलावर सांडली. लाल दिवा. लडकू हात वर करून थांबला.

मी पडद्याजवळ सरकले. दार उघडलं. निळा हातमोजा आत आला. काचेचे तुकडे उचलू लागला.

करंगळी खाली होती.

मग चेहरा आला. पन्नाशीची बाई, भुरी वेणी. नाव इंग्रिड. तिनं माइक चालू केला आणि म्हणाली, काळजी नको, मेण जास्त झालंय, होतं असं. तिच्या आवाजात राग नव्हता म्हणून मला जास्त लाज वाटली. माझ्यामागे दुसऱ्यांचे नमुने रांगेत ताटकळले होते.

मी विचारलं, "प्रणित नाही का आज?"

ती म्हणाली, "प्रणित? तो ऑक्टोबरातच गेला. रात्रपाळीची जागाच बंद झाली."

"पण त्याचे निरोप येतायत."

"ते यंत्र पाठवतं. त्यानंच लिहून ठेवलेत. नाव काढून टाकायला कोणाला सवड झाली नाही." मग हसून म्हणाली, "ते एक जेवणाचं आहे ना, तुमच्या भाषेतलं? पाळीला दोन तास झाले की जातं. जपानला जातं, ब्राझीलला जातं. लोक आम्हाला विचारतात हे काय आहे."

मी तिला अर्थ सांगितला. तिला फार आवडला.

म्हणजे नोव्हेंबरात तो तिथे नव्हताच. मी यंत्राला लिहीत होते, तुझं झालं का.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आईला म्हटलं, रविवारी येऊ देत त्यांना. आईनं माझ्याकडे बघितलं आणि जास्तीची भाकरी वाढली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी पाळी. मन नव्हतं, पण राख माझ्यासाठी थांबणार नव्हती. भट्टीतल्या राखेच्या नळ्या आज होत्या. पहिल्याच नळीला रेघ टेकडीसारखी नाही, माहुलीच्या सुळक्यांसारखी उभी आली. म्हणजे मला भीती होती तेच. भट्टी जास्त तापते, राखेत बारीक कठीण स्फटिक होतात, आणि भट्टीवर मजुरीला असलेली जना आणि तिची माणसं तोंडाला फडका न बांधता तीच राख उपसतात. सोमवारी मालकाकडे हे चित्र घेऊन जायचं. त्याआधी जनाला सांगायचं.

हे कळलं याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. लगेच वाटलं, हे कोणाला सांगू. ज्याला सांगायचं तोच नाही.

पाळी संपताना इंग्रिड पडद्यावर आली. राहवलं नाही, विचारलं. जागा बंद का झाली?

म्हणाली, "त्याच्याचमुळे. त्यानं या हाताला इतकं शिकवलं की रात्री माणूस लागेना. वरचे म्हणाले, शाब्बास, आणि मग म्हणाले, आता गरज नाही. तो शेवटच्या दिवशी खोली पुसून गेला." मग तिनं कपाळावर बोट ठेवलं. "आणि ते जेवणाचं. आम्ही त्याला म्हटलं होतं, हे कशाला? शास्त्रज्ञांना कळतं कधी जेवायचं. तर म्हणाला, एक जण आहे, कामाला बसली की जेवायचं विसरते. मी नसेन तेव्हाही कोणीतरी विचारायला हवं."

"कुठे गेला तो?"

"आम्हाला नाही कळलं. दुसरीकडे काम मिळालं असेल. चांगला मुलगा होता."

लॅपटॉप मिटला. आई चुलीपाशी होती. मी पडवीत जाऊन तिच्या बाजूला बसले. जग सगळं जेवतंय त्याच्या निरोपावर, आणि मला तो कुठे आहे ते माहीत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

महेंद्रचा फोन. बोलणं सभ्य. त्याला सांगावंसं वाटलं, येऊ नका. पण कोणासाठी नको म्हणू? ज्याचा पत्ता नाही त्याच्यासाठी?

२१ फेब्रुवारी, शनिवार

पाहुण्यांसाठी पेढे आणायला आसनगावला गेले. ठकी होती.

"ताई, अंडी घे. ताराबायची. आता तर लय झालीत. खुराड्याचं दार पन सांजच्याला आपसूक लागतं, आन सकाळी उघडतं. लडकू म्हनतेत त्याला. आमी लय हसतो."

मी पेढ्यांचं खोकं तिच्या टोपलीवर ठेवलं, नाहीतर पडलं असतं.

"काय म्हणतात?"

"लडकू. त्याच्या मामाचं नाव हाये ना."

"कोणाच्या?"

"ताराबायच्या पोराच्या. बाहेरदेशी होता तो. दिवालीपासना घरीच हाये. त्यानंच केलंय सगलं, तारा जोडून. कुठं जात नाय पन. स्टेशनावर पन येत नाय, लोक इचारतात ना, कवा जानार परत."

दिवाळीपासून! मी बर्फाकडे तोंड करून बसले होते, कुरिअरनं राख पाठवत होते, मेण लावत होते, एक हात दिसावा म्हणून. आणि तो इथे. कसाऱ्याच्या गाडीनं अर्ध्या तासावर. त्याच्या कोंबड्यांची अंडी आमच्या घरात महिना-दीड महिना शिजतायत आणि मी ती खातेय!

इतका राग आला की चालत शहापूरला आले, रिक्षा केलीच नाही. लाज वाटली तर वाटू दे, माझी कसली लाज? बॅनर गावानं लावला होता, मी नव्हता लावला. मला फोन करून म्हणायचं, दीप्ती, काम गेलं. एवढंच. मी काय केलं असतं? जेवायला वाढलं असतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. एमएस्सीपासून. माहुलीपासून. आई ऐकत होती, हातातला लसूण तसाच.

"ती ताराबाय, जयंतीच्या मिरवणुकीत भेटते ती?"

"हो."

"आधी नाय सांगायचं, गो?" मग उठली, पेढ्यांचं खोकं कपाटात ठेवलं. "पाव्हन्यांना मी नि तुझे पप्पा सांगतो. आपन त्यांना आशेला लावलं, बोलनी आमालाच खावी लागतील. तू सकाळी जा. आन रिकाम्या हातानं जाऊ नको."

महेंद्रला मात्र मीच फोन केला. तो म्हणाला, "आज सांगितलंत ते बरं केलंत." बरा माणूस आहे. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

उंबरमाळी. बॅनरची दोरी अजून खांबाला लटकतेय.

तो घरामागे होता, खुराड्यापाशी उकिडवा, माझ्याकडे पाठ. प्लॅस्टिकची बारीक नळी तोटीत बसवत होता. करंगळी वर.

मी डबा हातात घेऊन उभी राहिले. म्हटलं, "जेवण झालं का?"

"नाय," तो मागे न बघता म्हणाला. मग हात थांबला.